पिंपात चालणारं इंजिन

इंजिन पिंपात झकास चालायचं.

अंगणातल्या निळ्या पिंपाच्या कडेला फळी बांधून धाकटा ते त्यावर लटकवायचा, दोरी ओढायचा, आणि पहिल्याच झटक्याला ते सुरू व्हायचं. मूठ पिळली की पाणी उसळून भिंतीपर्यंत जायचं, कोंबड्या वाट फुटेल तिकडं पळायच्या, शेजारची म्हातारी दार लावून घ्यायची. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणारं पोर असतं, तसं ते इंजिन. तेच बोटीच्या पाठीला लावून नदीत नेलं की काठाकाठानं हळू चालेपर्यंत ठीक. मधल्या धारेत जोर द्यायला मूठ पिळली रे पिळली की गुदमरायचं, खोकायचं, आणि ऐन मोक्याला मान टाकायचं.

घरात पाण्याचं पिंप तेवढं एकच होतं. त्यामुळं चहाला पेट्रोलचा वास यायचा, आंघोळीनंतर अंगाला यायचा.

"असू दे," तात्या म्हणायचे, "निदान आपल्याला तरी जोर येईल."

तात्या म्हणजे धाकट्याचे वडील. आधी वल्ह्यांनी आणि नंतर इंजिनावर, त्यांनी जन्मभर याच नदीवर माणसं या काठावरून त्या काठावर नेली होती. या काठावर गाव, पलीकडं बाजार, दवाखाना आणि शाळा. धाकट्याला सगळे धाकटाच म्हणत. थोरला कधीच शहरात गेला होता, त्याला थोरला म्हणणारं तिथं कुणी नव्हतं. पण इथं याचं नाव चिकटलं ते चिकटलं. धाकटा इंजिनाची मूठ धरायचा, त्याची बायको बोटीतलं पाणी उपसायची आणि पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबून इंजिनाला तेल पाजायची, आणि तात्या लांब बांबू घेऊन बोट काठापासून ढकलायचे, खडक कुठं आहे ते सांगायचे. पूर्वी ते नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, उभे राहायचे. या मोसमात मागं डाव्या कोपऱ्यात बसायला लागले. "उभं राहिलं की ऊन लागतं," म्हणाले. उन्हाची एवढी काळजी करणारा माणूस भर उन्हात गुडघ्यापर्यंत गमबूट घालून हिंडत होता, पण म्हाताऱ्या माणसाला कोण विचारणार.

वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि नदी फुगली. उन्हाळ्यात गुडघाभर असलेली मधली धार आता गुरासारखी ढुशी मारायची. तिथं इंजिन बंद पडलं की पलीकडच्या धक्क्याऐवजी बोट वाहत वाहत खाली, स्मशानाच्या पायऱ्यांना लागायची. एकदा झालं, दोनदा झालं, मग रोजचंच झालं.

"धाकट्या," पायऱ्यांवर उतरताना गावचा टेलर म्हणाला, "लोकांना इथवर यायला अख्खं आयुष्य लागतं. तू एका फेरीत आणतोस."

सगळे हसले. धाकटाही हसला, कारण न हसून सांगणार कुणाला. मग कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्यानं आणि बायकोनं बोट दोरीनं ओढत धक्क्यापर्यंत नेली. तात्या बोटीतच बसून "डावीकडं घ्या, डावीकडं" करत होते. दोरी धाकट्याच्या खांद्यावर कालच्याच वळात बसली.

तिसऱ्या आठवड्यात, फेरी कुणी चालवायची ते ठरवणाऱ्या गावकमिटीचे कारभारी घरी आले. छत्री मिटली, चहा घेतला, पहिल्या घोटाला कप खाली ठेवला.

"हे बघ, माझं तुझ्याशी वैर नाही. पण परवा बोटीत ओली बाळंतीण होती. तान्ह्या पोरासकट तिला तू स्मशानात उतरवलीस. तिची सासू सकाळपासून माझ्या ओट्यावर बसलीय."

"इंजिन बघतोय, साहेब."

"सगळं गाव बघतंय इंजिन. येत्या बाजाराच्या दिवशी मी स्वतः बसतो. भरल्या बोटीनं सरळ धक्का गाठायचा. गाठलास तर फेरी तुझी. नाहीतर नवीबोटची."

नवीबोट म्हणजे पलीकडच्या काठावरचा माणूस. त्यानं कधीतरी नवी बोट घेतली होती. आता ती बरीच जुनी झाली होती, पण नावाला गंज चढत नाही.

"मग आम्ही काय करायचं?" बायकोनं दारातून विचारलं.

"नवीबोटला दोरी धरायला माणूस लागेलच. आणि तात्यांनी आता घरी बसावं. पुरे झालं की."

तात्या उठून अंगणात गेले आणि चांगल्या टोकदार बांबूला पुन्हा टोक काढत बसले.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून फिटर आला. मोटरसायकलवरून उतरायच्या आधीच म्हणाला, "कार्बोरेटर."

"अजून बघितलं नाहीत."

"वहिनी, आवाजावरून कळतं."

इंजिन तेव्हा बंद होतं. पण फिटरनं चांगली चादर मागितली. डॉक्टर काय पोत्यावर ऑपरेशन करतो का, म्हणाला. बायकोनं कपाटातली फुलांची चादर काढून दिली. त्यावर त्यानं कार्बोरेटर खोलला आणि एकेक तुकडा फुलाफुलावर मांडत गेला. शेवटी पितळेचा मोहरीएवढा जेट चिमटीत धरून उन्हाकडं केला. मधे केसाएवढं भोक.

"या भोकातून तुमचं घर चालतं," तो म्हणाला.

सगळ्यांनी पाळीपाळीनं भोकातून पाहिलं. धाकट्याला पलीकडं थोडं आभाळ दिसलं. फिटरनं फुंकर मारली, तार घातली, पेट्रोलमध्ये बुडवलं, पुसलं, सगळं पुन्हा जोडलं. चादरीवर एक स्प्रिंग उरली.

"ही?" बायको म्हणाली.

"ही कंपनी जास्तीची देते."

"आत बसवून?"

फिटरनं चादर झटकली. इंजिन पिंपात लावलं. पाणी भिंतीपर्यंत गेलं, कोंबड्या पळाल्या. नदीत नेलं. बोटीत चारदोन माणसं, मधे फिटर, कोपऱ्यात तात्या. मधली धार आली, धाकट्यानं मूठ पिळली, इंजिन गुदमरलं.

"फुगा दाबा," फिटर ओरडला. बायकोनं दाबला. "कसाय?"

"टणक."

"म्हणजे टाकीपासून तेल येतंय. पुढंच अडतंय. पुढं म्हणजे कार्बोरेटर. मी पहिल्यांदाच म्हणालो होतो."

फुग्याच्या पुढची पहिली हातभर नळी उघडी होती, ती त्यानं वाकवून पाहिली. तिथून इंजिनापर्यंतची बाकीची कडेनं, बसायच्या फळ्यांच्या खालून क्लिपा मारून नेलेली होती. मोसमाच्या सुरुवातीला धाकट्यानंच ते काम नेटकं केलं होतं, उतारूंचा पाय पडू नये म्हणून. डाव्या कोपऱ्याकडं उतारू फिरकत नसत. तिथं तात्यांची जागा होती.

चादर पुन्हा अंथरली गेली. परत नदी, परत स्मशान. तिसऱ्या वेळी पायऱ्यांवर उतरून फिटरनं ओले बूट पिळले. "तुमच्या पाण्यातच काहीतरी आहे," तो म्हणाला आणि गेला तो गेला.

मग घरच्यांनीच हात घातला. बायकोनं जुन्या साडीच्या चौपदरी कापडातून सगळं पेट्रोल गाळलं. वास डोक्यात जाऊन तिला उलटी झाली, ती तोंड धुऊन परत गाळायला बसली. धाकट्यानं प्लग घासला, टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू सैल करून पाहिला, पंख्याला गुंतलेली शेवाळाची जटा काढली. बोटांच्या पेरांची साल निघाली. त्यावर पेट्रोल लागलं की तो दात खाऊन हात झटकायचा. प्रत्येक दुरुस्तीनंतर इंजिन पिंपात असं गायचं की त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची.

एका सकाळी वैतागून तो एकटाच बोट घेऊन निघाला. मधली धार आली, मूठ पिळली, आणि बोट नाळ उचलून अशी पळाली की तो मागं पडता पडता वाचला. सरळ धक्का. परत येऊन त्यानं बोलायच्या आधी पाणी प्यायलं.

"वजन," बायको म्हणाली. "वजन झेपत नाही त्याला."

म्हणून बोटीत दगड भरले. माणसामागं एक दगड, कारभाऱ्यांसाठी जरा मोठा. तात्या काठावर उभे राहून दगडांना जागा नेमून देत होते. धाकटा आणि बायको दगड घेऊन निघाले. इंजिन खोकलंसुद्धा नाही. दगड सुखरूप पलीकडं गेले, सुखरूप परत आले.

गावाला हे कळायला वेळ लागला नाही. बोट दगडांना नेते, माणसांना नेत नाही. म्हणजे माणसांपैकीच कुणाचं तरी पाऊल वाईट. हे कुणी म्हटलं ते नक्की सांगता येणार नाही, पण सगळ्यात जोरात ते तात्यांनी उचललं.

"एकेक माणूस वगळून बघायचं," ते म्हणाले. "सोपं आहे."

झालं. सकाळच्या फेरीला मास्तरीणबाईंना काठावर ठेवलं, बोट स्मशानात. दुपारी भाजीवालीला ठेवलं, स्मशानात. एका फेरीला बाईंची पिशवी तेवढी मागं ठेवली, कारण तिच्यात गणिताची पुस्तकं होती. नंतर टेलरला ठेवलं, तर त्या फेरीला धार जरा मंद होती, इंजिनानं थोडा तग धरला आणि बोट स्मशान आणि धक्का यांच्या अधेमधे लागली.

"सापडला!" तात्यांनी बांबू आपटला.

"तात्या, मी तुमच्या बोटीतून तुमच्या वल्ह्यांच्या काळापासून येतोय," टेलर म्हणाला. या वेळी त्याला विनोद सुचला नाही.

"काळ बदलतो. आज थांब. उद्यापण थांब."

टेलर काखेत कपड्यांचं गाठोडं धरून काठावर उभा राहिला. पुढच्या फेरीला बोट पुन्हा स्मशानात गेली, पण तेव्हा तात्या म्हणाले की तो काठावरून बघत होता म्हणून. वगळून वगळून बोटीतलं प्रत्येक माणूस एकदा काठावर राहून झालं होतं. तात्यांना वगळायचं कुणाच्या मनात आलं नाही. तात्या माणसांत धरलेलेच नव्हते. ते बोटीतले होते, वल्ह्यासारखे, नांगरासारखे.

बाजाराचा दिवस उजाडला. कारभारी छत्री घेऊन मधल्या फळीवर बसले, शेजारी मास्तरीणबाई, पुढं भाजीवाली आणि पाट्या, दोन पोती, आणखी दोघंतिघं. पलीकडच्या धक्क्यावर नवीबोट केस विंचरून उभा होता. टेलरला तात्यांनी आज दिसायचंही नाही असं बजावलं होतं. तो झाडामागं उभा होता आणि झाड बारीक होतं.

तात्यांनी बांबूनं बोट ढकलली. मग आपल्या कोपऱ्यात बसले, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून कडेच्या खाचेत नीट टेकवला, आणि नजर पाण्यावर लावली.

काठाकाठानं इंजिन गुमान चाललं. मग मधली धार आली आणि बोटीला आडवी ढुशी बसली. धाकट्यानं मूठ पिळली.

इंजिन गुदमरलं.

त्यानं मूठ सोडली, परत पिळली. खोकलं. बोट तिरकी झाली. पोती सरकली, भाजीवालीनं पाटी कवटाळली. कारभाऱ्यांनी मान वळवून खाली स्मशानाच्या दिशेला पाहिलं, आणि मग धाकट्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

बायको फुगा दाबत होती. टणक. पुन्हा दाबला. टणकच. तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, तिनं हात तसाच नळीवरून पुढं नेला. डोळे मिटून दळणातला खडा चाचपावा तसा तिचा हात फळीखालून, एकेका क्लिपेवरून सरकत गेला. आणि तात्यांच्या गमबुटापाशी थांबला.

"तात्या, पाय उचला."

"हं."

"तात्या. पाय."

"उचललाय की," तात्या म्हणाले.

त्यांची नजर समोर पाण्यावर होती. पाय जिथल्या तिथं होता. गमबुटाची टाच नळीवर, नळी चपटी, हळू चालण्यापुरतंच तेल जाईल एवढी.

बायकोनं धाकट्याकडं पाहिलं. धाकट्याचा हात मुठीवर तसाच राहिला. थंडीत तात्या अंगणात पडले होते आणि घसरलो म्हणाले होते. त्यानंतर कधीतरी त्यांची एक चप्पल नदीत वाहून गेली होती आणि घरी येईपर्यंत त्यांना पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी गमबूट आले. हे सगळं त्याच्यासमोरच घडलं होतं आणि त्यानं कार्बोरेटर धुतला होता. आता ओरडून सांगावं, तर कारभारी हातभर अंतरावर बसलेले. 'पुरे झालं की' म्हणायला त्यांना एवढंच हवं होतं. न सांगावं, तर पायऱ्या जवळ येत होत्या.

बायको बुडाच्या पाण्यात फतकल मारून बसली, तो गमबूट दोन्ही हातांनी उचलला आणि सरळ आपल्या मांडीवर घेतला. चिखलासकट. सगळ्यांदेखत.

तेव्हा कुठं तात्यांनी खाली पाहिलं. आपली वस्तू दुसऱ्याच्या टोपलीत दिसावी तसे ते त्या पायाकडं बघत राहिले.

नळीत तेल धावलं. इंजिन एकदा अडखळलं आणि मग असं गरजलं की कारभाऱ्यांची छत्री उलटी झाली. नाळ वर आली, पाणी दोन्ही बाजूंनी फाटत गेलं. भाजीवालीनं डोळे मिटून घेतले. धाकट्याला धक्का दिसत होता, पण नीट दिसत नव्हता; त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि मूठ सोडली नाही. धक्क्यावरच्या नवीबोटला दोन पावलं मागं सरकावं लागलं, एवढी बोट सरळ येऊन लागली.

कुणीच लगेच उतरलं नाही.

"काय होतं रे?" कारभाऱ्यांनी छत्री सरळ करत विचारलं.

"कचरा होता," बायको म्हणाली. पाय अजून तिच्या मांडीवर होता. "नळीत."

"कचरा नव्हता," तात्या म्हणाले. "पाय होता. माझा."

"तात्या, राहू द्या—" धाकटा म्हणाला.

"तू गप रे. थंडीपासून या पायाला काही कळत नाही. टाचणी टोचून बघितली. एकदा चुलीच्या कडेला लावून बघितला, वास आला तेव्हा काढला." ते हे सगळं हवापाण्यासारखं सांगत होते. "नळीवर असेल असं नव्हतं वाटलं. कुठं असतो ते मलाच बघावं लागतं, आणि नदीत असताना मी पायाकडं बघत नाही."

"मग सांगायचं नाही का?" कारभारी म्हणाले.

"सांगितलं असतं तर बसू दिलं असतंत?"

कारभाऱ्यांनी छत्रीची एक वाकडी काडी बोटानं सरळ केली, ती परत वाकली.

"फेरी तुमचीच," ते म्हणाले. "ठरल्याप्रमाणं. पण तात्या, आता..."

"कळलं."

कारभारी उतरले. भाजीवाली उतरली. जाता जाता मास्तरीणबाईंनी तात्यांना नमस्कार केला, तसा त्या कधी करत नसत, आणि तात्यांना तो आवडला नाही.

बाजार आटोपून परतीची फेरी निघाली तेव्हा ऊन उतरलं होतं. तात्या कोपऱ्याकडं गेले नाहीत. बांबू सुनेच्या हातात दिला. "टोक पाण्यात सोडायचं नाही, दगडावर टेकवायचं," एवढंच म्हणाले, आणि मधल्या फळीवर उतारूंत जाऊन बसले. लोक सरकले, लागते त्याहून जास्त सरकले. इंजिनाकडं पाठ करून ते बसले. धाकट्याला त्यांची पाठ अशी कधी दिसली नव्हती. सदऱ्यावर घामाचा मोठा डाग होता आणि मान बारीक झाली होती.

मधली धार आली कधी आणि गेली कधी, कळलं नाही.

"आलो?" तात्यांनी न वळता विचारलं.

"आलो."

"लवकर आलो."

"हो."

"फारच लवकर."

काठावर टेलर उभा होता, गाठोडं काखेत. सगळे उतरले तरी तो तिथंच. तात्यांनी त्याला हाक मारली.

"ये. बस. तुझ्यात काही नव्हतं."

"मला माहीत होतं," टेलर म्हणाला. तो पाण्यात उतरून बोटीपाशी आला आणि त्यानं हात पुढं केला. तात्यांनी तो हात बघितला आणि धरला नाही. फळीला धरून उठले, उजवा पाय काठावर टाकला, डाव्याला हातानं उचलून आणलं. मग दोन्ही पायांवर उभे राहिले आणि थांबले. नजर समोर, गावाकडं जाणाऱ्या चढावर.

"धाकट्या."

"काय, तात्या?"

"दोन्ही आले का बघ."

धाकटा मूठ सोडून खाली आला. चिखलात वाकून त्यानं पाहिलं, हातानं चाचपूनही पाहिलं.

"आले," तो म्हणाला.

तात्या चढ चढायला लागले.